डोंगर होता तिथे तोंड करून

मी गाव सोडला त्या सकाळी बाबांनी टॅक्सी खाणीच्या वळणावर थांबवायला लावली. विमान दुपारचं, दाबोळीचा विमानतळ अजून दीड तास लांब, टपावर दोन बॅगा दोरीने आवळलेल्या, आणि बाबा केळीच्या पानात गुंडाळलेला रोट घेऊन खाली उतरले. रोट म्हणजे तांदळाच्या पिठाची जाडजूड भाकर. आमच्याकडे ती राखण्याला देतात, म्हणजे गावाची हद्द सांभाळणाऱ्या देवाला. राखण्याचा दगड रस्त्याच्या कडेला, पत्र्याच्या शेडखाली होता. बाबा त्या दगडाकडे पाठ करून उभे राहिले आणि मान वर करून खाणीच्या खड्ड्यावरच्या मोकळ्या आभाळाकडे बघू लागले. तिथे काहीच नव्हतं. एक घार फिरत होती आणि खाली खड्ड्यात हिरवं पाणी साचलं होतं.

"काका कोणाक बघतत?" ड्रायव्हरने विचारलं. तो पेडण्याचा, त्याला आमच्या घरची भानगड काय ठाऊक!

"तू गाडी चालू ठेव रे," आई म्हणाली.

मी घड्याळ बघत होते. खोटं कशाला सांगू, मला लाज वाटत होती. नवरा सहा महिने आधी कॅनडाला पोचला होता, माझ्या पर्समध्ये व्हिसा होता, आणि माझा बाप हवेला भाकर दाखवत होता. बाबांनी कठड्यावर रोट ठेवला, शेजारी दोन विड्या ठेवल्या, हात जोडले. अशा वेळी गाऱ्हाणं घालतात, देवाला मोठ्याने सगळं सांगतात. बाबा एक शब्द बोलले नाहीत. नुसते ओठ हलले आणि थांबले.

विमानतळावर मात्र बोलले. "जातंय म्हणू नको गो बाय. येतंय म्हण."

"येतंय," मी म्हटलं, आणि ट्रॉली ढकलत आत गेले.

त्याला बारा वर्षं झाली. तुम्ही काहीजण गावातच राहिलात, काही माझ्यासारखे दुबईला, पुण्याला, लिस्बनला पांगलात, आणि तुम्हा सगळ्यांना मी इतकी वर्षं गावच्या ग्रुपवर इथल्या डोंगरांचे फोटो पाठवते आहे. तुमचं उत्तर ठरलेलं: स्वर्ग! मजा आहे बुवा! एकाने तर विचारलं होतं की हे रोज फुकट दिसतं की तिकीट काढावं लागतं. पण एका फोटोवर तुम्ही सगळेच अडलात. त्यात मागे बर्फाचे डोंगर आहेत, पुढे बाबा त्यांच्याकडे पाठ करून उभे आहेत, आणि शेजारी एक टोपीवाली गोरी बाई हातात भाकरीचा तुकडा धरून हसते आहे. काका डोंगराकडे पाठ करून का, ही बाई कोण, खाते काय? मी तेव्हा हसरा चेहरा टाकून सुटले. आता बाबा नाहीत. तेव्हा सांगून टाकते, आणि शेवटी तुमच्याकडे एक मागणंही आहे.

आमचं घर तुम्हाला ठाऊक आहे, पण तुमच्यातल्या धाकट्यांनी समोरचा डोंगर पाहिलेला नाही. राखण्याचा डोंगर म्हणायचे. पूर्वेला होता, आमच्या स्वयंपाकघराच्या जनेलातून बाहेर बघितलं की समोर तोच. त्यामुळे आमच्याकडे उजाडायचं उशिरा. पाववाला पोदेर सायकलचा भोंगा वाजवत उंडे घेऊन यायचा तेव्हा डोंगराची सावली आमचं अंगण पार करून मागच्या माडापर्यंत पडलेली असायची. मग ती हळूहळू मागे सरायची, आणि तुळशीवर ऊन आलं की आई मला शाळेसाठी हाक मारायची. आमच्या घरात घड्याळ होतं, पण आईचा विश्वास सावलीवर.

बाबा मूळचे गोव्याचे नव्हेत. हद्दीपलीकडचे, दोडामार्गाकडचे. विशीत खाणीवर कामाला म्हणून डिचोलीला आले. पहिल्याच आठवड्यात आमच्या गावच्या म्हाताऱ्या गावकराने, म्हणजे गावच्या मानकऱ्याने, त्यांना डोंगरावर नेलं आणि राखण्याच्या दगडापुढे उभं करून गाऱ्हाणं घातलं. ते बाबांना शेवटपर्यंत पाठ होतं: "बा देवा म्हाराजा, ह्यो परगावचो पोर आज तुझ्या हद्दीत इलेलो आसा. तेका आपलो म्हण. तेच्या पोटापाण्याक कमी करू नको रे म्हाराजा." जमलेले चारजण म्हणाले, "व्हय म्हाराजा!" हे "व्हय" म्हटल्याशिवाय गाऱ्हाणं पुरं होत नाही. एकाने मागायचं आणि बाकीच्यांनी त्याच्या मागे उभं राहायचं, अशी ती रीत आहे.

राखण्याने शब्द पाळला. पोटापाण्याला कमी पडलं नाही. बाबा टिपर ट्रकवर लागले, मग शॉवेलवर, म्हणजे डोंगर पोखरणाऱ्या त्या मोठ्या यंत्रावर. त्यांच्यासारखा हात तालुक्यात नाही असं लोक म्हणायचे. आमचं घर उभं राहिलं, माझी कॉलेजची फी भरली गेली, आईच्या गळ्यात दोन पदरी माळ आली. आणि पोदेर यायच्या वेळेला सावली माडाऐवजी तुळशीशी दिसू लागली.

"औंदा उजेड लवकर इलो," आई दर वर्षी म्हणायची. चहा गाळता गाळता, जसं कुणी म्हणेल की औंदा आंबा लवकर आला. बाबा उंडा चहात बुडवत राहायचे. मी लहान होते, मला वाटायचं सूर्यच आमच्या घराला सरावला असेल.

डोंगर वरून खाली कापतात. घराएवढ्या उंचीच्या पायऱ्या पाडत येतात, अशा एकेका पायरीला बेंच म्हणतात. सगळ्यात वर होता राखणा. त्याचा दगड खाली रस्त्याकडेला हलवायचा असं ठरलं, पूजा झाली, गावजेवण झालं. म्हातारा गावकर जेवला नाही. तो एवढंच म्हणाला की दगड तुम्ही हलवाल, राखणा कसा हलवाल, तो आहे तिथेच राहणार. दुसऱ्या दिवशी त्या माथ्यावर पहिला घास घ्यायला शॉवेल चढवलं, आणि ते चालवणारा हात कुणाचा होता ते मी वेगळं सांगायला नको.

मी नववीत असताना एके सकाळी पोदेराच्या आधी ऊन आलं. थेट जनेलातून चुलीवर.  आईने त्या दिवशी जनेलाला पडदा शिवला.

पुढे खाणी बंद पडल्या. ट्रकांचा आवाज थांबला, पाठीमागची पाण्याची झर आधीच आटली होती, आणि समोर उरला तो हिरव्या पाण्याचा खड्डा. तेव्हापासून बाबा दर साल होळीचा शिगमो आटपला की खाणीच्या वळणावर जाऊन रोट ठेवू लागले. दगडाकडे पाठ करून, आभाळात जिथे माथा होता तिथे तोंड करून. कारण गावकर म्हणाला होता की तो आहे तिथेच आहे. डोंगर गेला, पण राखणा वर अधांतरी उभा आहे, असं माझ्या बापाच्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

हे सगळं घेऊन मी कॅनडात उतरले, आणि नवऱ्याने घर कुठे घ्यावं, तर कॅलगरीच्या दक्षिणेला, एका लहानशा गावात, जिथे प्रेअरी, म्हणजे सपाट गवताळ माळ, संपते आणि डोंगर सुरू होतात! तो गोव्यातल्याच चोपड्याचा. शापोरा नदीच्या काठी वाढलेला, त्याला मोकळं पाणी बघायची सवय. गव्हाच्या शेतांकडे बघून म्हणाला, "भरती इल्यासारख्या दिसता मगो." मला आधी ती प्रेअरीच आवडली. पश्चिमेकडे मी बघतच नव्हते. प्रेअरीवर गवत, मग गहू, मग पिवळीजर्द मोहरीसारखी कॅनोला, मग पुन्हा गवत. वारा आला की ते सगळं एका अंगावर लोळतं आणि उठतं. मैलभरावर एखादं धान्याचं कोठार, कुंपणाच्या खांबावर एखादा ससाणा. मी गाडी कडेला लावून तासतासभर बसायची. मला इतकं शांत का वाटतं ते कळायला दोन उन्हाळे गेले. तिथे खणून नेण्यासारखं काही उभंच नव्हतं.

डोंगर मात्र मागून आले. वृद्धाश्रमात माझी सकाळची पाळी असते, आणि तिथे जायचा रस्ता सरळ पूर्वेला. एका ऑक्टोबरात गाडीच्या आरशात काहीतरी पेटलेलं दिसलं. मागचे सगळे डोंगर, माथ्यापासून पायथ्यापर्यंत, लालसर गुलाबी. सूर्य अजून वर यायचा होता आणि त्याचा उजेड आधी तिथे पोचला होता. मी इतकं सुंदर काही जन्मात पाहिलं नव्हतं. आणि त्याच क्षणी ओळखलं की हा रंग माझ्या शाळेच्या युनिफॉर्मचा आहे. आई कितीही घासायची तरी पांढऱ्या ब्लाऊजच्या कॉलरवर खाणीच्या धुळीचा जो रंग राहायचा, तोच. मी आरसा वर फिरवला. पुढचा महिनाभर मी तो खाली केला नाही.

मग बघू लागले, पण बघायची म्हणजे मोजायची. त्या पलीकडच्या डोंगराच्या किती बेंच निघतील? वरचं बर्फ आधी काढावं लागेल, मग माती, मग खडक. बाबांच्यासारखी दोन शॉवेलं लावली तर किती वर्षं? लोक शेजारी उभे राहून उसासे टाकत, आणि मी त्यांच्या डोंगराचे मनातल्या मनात तुकडे करत असे. तुम्हाला जे फोटो पाठवले त्यातला एकेक डोंगर मी असा मोजून पाठवलाय. तुम्ही स्वर्ग म्हणायचात आणि माझ्या डोक्यात आकडा असायचा.

आई गेली तेव्हा मी बाबांना इथे आणायचं ठरवलं. फक्त फिरायला नव्हे, कायमचं. त्या खड्ड्याकाठी एकट्या माणसाला ठेवून मला घास गिळवेना. ते एका जूनमध्ये आले, स्वेटरवर स्वेटर घालून. घर बघितलं, नळाचं गरम पाणी बघितलं, आणि मागच्या दाराने बाहेर पडून डोंगर बघितले. एकदाच. मग खुर्ची उचलली आणि घराच्या पूर्वेच्या अंगाला, प्रेअरीकडे तोंड करून मांडली. दीड महिना ते तिथेच बसले. खारीसारखे दिसणारे गोफर बिळातून डोकं काढायचे, बाबा त्यांच्याशी बोलायचे, पण डोंगराकडे मान वळवली नाही.

"बाबा, एकदा वर जाऊया. रस्ता चांगला आहे," मी रोज म्हणायची.

शेवटी एके दिवशी त्यांनी खुर्चीत बसूनच सांगितलं. "परक्या गावात इलंय तेव्हा थयच्या राखण्यान माका जागा दिली. मी तेचोच डोंगर खाल्लंय. आता ह्या डोंगराक काय तोंड दाखवू? हे एकमेकांका ओळखतत गो."

मी हसून उडवणार होते. पण मला माझा आरसा आठवला. मी म्हटलं, "मग माझ्यासाठी या. मला इथे राहायचंय आणि माझ्यासाठी इथे कुणी गाऱ्हाणं घातलेलं नाही."

हे म्हणेपर्यंत मला स्वतःलाच ठाऊक नव्हतं की ते मला हवं आहे. बाबा खुर्चीतून उठले. मग आत गेले आणि तांदळाचं पीठ कुठे आहे म्हणून विचारलं.

डोंगरातल्या उद्यानात पायवाट सुरू होते तिथे गाडी लावली. नवरा, मी, बाबा. उंच सूचिपर्णी झाडं, त्यावर करडा खडक, त्यावर बर्फ, आणि कुठूनतरी पाण्याचा आवाज. बाबांनी चप्पल काढली. एका सपाट दगडावर पानाऐवजी फॉइल पसरून रोट ठेवला, विडी ठेवली. हात जोडले. आणि माझ्याकडे वळले, डोंगराकडे पाठ करून.

"तू घाल. माझो शब्द हय चालाचो नाय."

आमच्याकडे बायका गाऱ्हाणं घालत नाहीत, तुम्ही जाणता. मी कधी तोंडातून काढलं नव्हतं. पण लहानपणापासून इतक्यांदा ऐकलेलं, ते आलं. "बा देवा म्हाराजा, माका तुझा नाव म्हायत नाय. मी परगावची, तुझ्या हद्दीत इलंय. माका आपली म्हण. माझ्या बापाशीन एक डोंगर खाल्लो, तो माझ्याच पोटात गेलो, माझ्या फीत गेलो, माझ्या तिकिटात गेलो. तेचो राग तेच्यावर धरू नको रे म्हाराजा." हे शेवटचं मी ठरवून बोलले नव्हते. मागून नवऱ्याचा आवाज आला, "व्हय म्हाराजा." आणि जरा थांबून, घोगरा, बाबांचा, "व्हय म्हाराजा."

तेवढ्यात ती टोपीवाली बाई आली. उद्यानाची रक्षक, गणवेशातली. दगडावरचं बघून तिने समजावलं, नीट, रागावून नव्हे, की इथे खाण्याची वस्तू ठेवता येत नाही, वासाने अस्वल येतं, माणसाच्या अन्नाला सोकावलं की शेवटी त्याला गोळी घालावी लागते. रोट उचला आणि घरी न्या. मी बाबांना सांगितलं. बाबा घाबरले. राखण्याला दाखवलेला रोट परत घरात नेत नाहीत. तो तिथेच खाऊन संपवायचा असतो. मी तिला ते सांगितलं. ती म्हणाली, खा की, खायला कोण नको म्हणतंय! मग बाबांनी रोट मोडला, आणि पहिला तुकडा, रीतीप्रमाणे वयाने मोठ्याला किंवा गावकराला देतात तो, तिच्यापुढे धरला. तिने तो घेतला. खाल्ला. मीठ कमी आहे म्हणाली. नवऱ्याने फोटो काढला तो तेव्हा.

गाडीत बसल्यावर बाबा म्हणाले, "हीच ती. ह्या डोंगराची राखणी. हयच्या राखण्याक पगार मेळता, म्हणान डोंगर जाग्यार आसा." आणि हसले. आई गेल्यानंतर पहिल्यांदा. त्या संध्याकाळी त्यांनी खुर्ची पश्चिमेला वळवली, आणि आम्ही तिघांनी सूर्य डोंगरामागे जाताना पाहिला. सावली आमच्या कुंपणापर्यंत आली, मग मागच्या दारापर्यंत, मग बाबांच्या पायांवर. त्यांनी पाय हलवला नाही. मी त्या दिवशी एकही बेंच मोजली नाही.

मला वाटलं, जिंकले. आता राहतील. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी परतीची तारीख विचारली.

मी भांडले. काय नाही बोलले! तिथे आहे कोण तुमचं, मी म्हटलं, एक खड्डा आणि एक रिकामं आभाळ.

"तेच्यासाठीच," ते म्हणाले. "हय राखूक माणसा आसत. थय तो एकटो उभो आसा गो. पायाखाली डोंगर नाय, समोर माणूस नाय. मी नाय गेलंय तर तेका कोण सांगतलो की आमी विसराक नाय म्हणान?"

कॅलगरीच्या विमानतळावर मी त्यांना म्हटलं, जातंय म्हणू नका. ते म्हणाले, "येतंय." पण ते आले नाहीत. तीन शिगमे त्यांनी रोट ठेवला. चौथ्याच्या आधी, पावसाळा सरता सरता, झोपेत गेले. मी मोपाच्या नव्या विमानतळावर उतरले तोवर तुम्ही सगळं आटपलं होतं, तुमचे उपकार कसे फेडू. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आमच्या स्वयंपाकघरात चहा ठेवला. आईचा पडदा विटून गेला होता, मी तो सरकवला. पोदेर अजून यायचा होता. ऊन सरळ माझ्या डोळ्यांत आलं आणि मी तिथे उभी राहून सावलीची वाट बघत होते, चहा उतू गेला तरी.

आता तुम्ही विचाराल, तुझं घर कुठलं. मला आरशात रोज गुलाबी डोंगर दिसतो, मी आरसा खाली केलेला आहे, आणि तो मला आवडतो, मनापासून. या जागेने मला आपलं म्हटलंय. पण त्याच आरशात मला त्या डोंगराच्या मागे दुसरा एक दिसतो, जो कुठेच नाही. तो पहिल्याला सोडून जात नाही. दोन्हींशिवाय मला घर म्हणता येत नाही, आणि त्यातलं एक रिकाम्या हवेत आहे.

म्हणून मागणं. औंदा शिगमो आटपला की इथे अजून बर्फ असेल. मी मागच्या कुंपणाशी रोट घेऊन उभी राहीन आणि फोन लावीन. तुमच्यातल्या कुणीतरी त्या वेळी खाणीच्या वळणावर जा. शेडमधल्या दगडाकडे नको, त्याच्याकडे पाठ करा. विजेच्या शेवटच्या खांबाच्या वर, जिथे घार फिरते, साधारण तिथे बघा, बाबा तिथेच बघायचे. फोन वर धरा. बायका घालत नाहीत ते गाऱ्हाणं मी घालीन, माझ्या बापाचं राहिलेलंही घालीन. तुम्हाला काही बोलावं लागणार नाही.

फक्त मी थांबले की "व्हय म्हाराजा" म्हणा.